मागच्या रांगेतली पुस्तकं

बाबा, तुमची लायब्ररी आम्ही रिकामी करतो आहोत. खोली तीच राहणार आहे, भिंती त्याच, खिडक्या थोड्या मोठ्या होतील, आणि आत जे काही आहे ते सगळं निघणार. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की लायब्ररी आता नुसती लायब्ररी राहणार नाही, ती 'लर्निंग स्पेस' होणार, आणि ते काम मी पाहायचं. मी विज्ञान शिकवते. पण ज्याच्या तासाला मुलं गप्प बसतात त्याला जगातली सगळी कामं येतात असा शाळेत समज असतो. तुम्ही गेल्यावर पाच वर्षांनी मी याच शाळेत नोकरीला लागले, हे तुम्हाला माहीत नाही. तोवर तुमच्या वेळचे लोक निवृत्त झाले होते, संस्था दुसऱ्यांच्या हाती गेली होती आणि माझं आडनाव लग्नाने बदललं होतं. लायब्ररीला तुमच्यानंतर कुणी नेमलंच नाही, आम्ही शिक्षकच मुलांना तिथे नेऊन पुस्तकं देतो. त्या खोलीत एकोणीस वर्षं बसलेला माणूस माझा बाप होता हे शाळेत कुणालाच ठाऊक नाही. मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, असं स्वतःशी म्हणून आजवर वेळ मारून नेली.

आराखडा काढायला रायपूरहून एक मुलगी येते. मुलगी म्हणजे तिशीची असेल. घर मराठी, पण तीन पिढ्या रायपुरात गेलेल्या, त्यामुळे तिचं वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत पोचतं. पहिल्या दिवशी ती दारातच थबकली. तुमचे ते भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्यांचे रॅक, प्रत्येक खणाला दोऱ्याने लटकवलेलं कार्ड, कार्डावर तुमच्या अक्षरात रॅक अमुक, खण तमुक. कथा-कादंबरी, इतिहास, भूगोल अशी एकही पाटी नाही. "मॅडम, ही लायब्ररी आहे की स्टोअर?" ती म्हणाली, "ऐसा किसने जमाया?" आणि ती हसली. मीही हसले, बाबा. "पुराना स्टाफ," एवढंच म्हणाले आणि खिडकी उघडायला गेले.

तिला काय सांगणार होते? स्टोअरच होतं ते. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतला तुमचा कारखाना बंद झाला तेव्हा स्टोअरकीपर म्हणून तुमच्याजवळ होतं काय, तर सामान लावण्याची अक्कल आणि मालकाने जाता जाता देऊन टाकलेले दहा रॅक. त्या दहा रॅकांसकट तुम्ही या शाळेत आलात. मुलाखतीची गोष्ट तुम्ही पाहुण्यांना इतक्यांदा सांगितली की आम्हा भावंडांना पाठ झाली होती. हेडमास्तर म्हणाले होते, "भाई, नट-बोल्ट और किताब में फर्क होता है." आणि तुम्ही म्हणालात, "हां सर. नट को जंग लगता है, किताब को दीमक." त्या एका वाक्यावर नोकरी मिळाली असं तुम्ही म्हणायचे. आई पाहुण्यांना चहा देता देता म्हणायची, "वाक्यावर नाही, रॅक फुकटात भेटले म्हून."

तर मे महिन्याच्या त्या उन्हात, कूलर लावून, आम्ही खोलीची मापं घेत होतो. मापं ती घेत होती, मी तुमची मांडणी बघत होते, आणि माझ्या डोक्यात भुंगा शिरला. मी याच शाळेत शिकले, लहानपणी त्या खोलीत रोज असायचे, पण एखादी गोष्ट तिथेच का आहे हे कधी मनात आलं नव्हतं. आता दिसायला लागलं. जाडजूड शब्दकोश अगदी तळाच्या खणात, पण त्यांच्या शेजारी एक बुटका स्टूल. प्राण्यांची चित्रं असलेली पुस्तकं दाराजवळ, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीला. मी वाकून बघितलं, मग सरळ खाली फरशीवर बसले, तेव्हा ती बरोबर डोळ्यांसमोर आली. पहिली-दुसरीच्या पोरांची उंची ती. जड खाली, हलकं वर, रोज लागणारं हाताशी, हे तुम्ही घरी कपाट लावतानाही म्हणायचे. आईच्या मसाल्याच्या डब्यांनासुद्धा तुम्ही सोडलं नव्हतं.

चौथ्या रॅकमध्ये मात्र मी हरले. रसायनशास्त्राच्या पुस्तकांना खेटून लोणची-मुरंब्यांची तीन पुस्तकं. म्हटलं, बाबा, हे काय, आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय? मग त्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावरच्या चिठ्ठ्या काढून बघितल्या. लोणच्यांच्या आणि रसायनशास्त्राच्या, दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच सही. आमच्या वेळच्या रसायनशास्त्राच्या मॅडम दर शनिवारी एक पुस्तक त्यातलं आणि एक ह्यातलं न्यायच्या. मग काय, बोल्टाशेजारी वायसर. जे सोबत मागतात ते सोबत ठेवायचं. त्या दुपारी मी एका जागी बसून चिठ्ठ्याच चिठ्ठ्या वाचल्या. सायकल दुरुस्तीच्या पुस्तकाशेजारी भूमिती का, खो-खोच्या नियमांशेजारी प्रथमोपचार का. काहींची उत्तरं मिळाली, काहींची नाही. विमानांच्या पुस्तकाला चिकटून बागकामाचं पुस्तक तुम्ही का ठेवलंत, ते अजून सुटलेलं नाही. कुणीतरी असेल दोन्ही मागणारा.

पश्चिमेच्या खिडकीपाशी त्या मुलीने आराखड्यात पडदे लावून अंधारा कोपरा काढला होता, मोठ्या स्क्रीनसाठी. तिथे तुम्ही परीक्षेची पुस्तकं आणि लांब बाक ठेवला होता. मी तिला सांगितलं की शाळा सुटल्यावर शेवटच्या बसची मुलं इथे बसून अभ्यास करायची, खुर्सीपारच्या वस्तीतली जास्त. घरी एक खोली, तिच्यात सहा माणसं आणि टीव्ही. सगळ्यात शेवटपर्यंत उजेड इथेच राहतो. तिने पेन्सिल थांबवली. खिडकीकडे बघितलं, बाकाकडे बघितलं, आणि पडदे खोडून टाकले. म्हणाली, "हा माणूस बसून बघत असेल ना मॅडम, कोण कुठे जाते, काय मागते. हमको तो इसके लिए सर्वे करना पड़ता है." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तरी बोलले नाही. तोंडाशी आलं होतं.

आणि मग चौथ्या दिवशी रॅक उकलायला घेतले. आमच्या शाळेतली आया पाचव्या रॅकमधली पुस्तकं खाली काढत होती. तिचा हात मागे गेला आणि ती तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "मॅडम, पाछू म घलो किताब हे. एकदम नवा." खरंच, मागेही पुस्तकं होती. रॅक सामानाचे, दोन हात खोल. पुढे एक रांग, तिच्यामागे दुसरी. पुढची पुस्तकं डिंकाने, कापडी पट्ट्यांनी, तुमच्या खळीने डागडुजी केलेली, कोपरे गोल झालेले. मागची कोरी. ती रायपूरची मुलगी धावत आली. तिने एक उघडलं तर बांधणी करकरली, दोन पानं वरच्या कडेला अजून जोडलेलीच होती. चिठ्ठीवर एकही तारीख नाही. तिने दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. मग आम्ही सगळ्याच रॅकांच्या मागे हात घातला. दहाच्या दहा रॅकांत तेच. ती फरशीवर बसली आणि म्हणाली, "ये तो कुणी वाचलीच नाहीत." मी ती पुस्तकं मोजायला घेतली.

नियम तुमचा मला पाठ होता. आधी आलं ते आधी जाईल. जुना माल पुढे, नवा मागे. जुना संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. कारखान्यात ते शहाणपण होतं, तेल खराब होतं, रबर सुकतं, वेल्डिंगच्या कांड्यांना ओल धरते. पण पुस्तक कसं संपणार? तुमचं उत्तर होतं की फाटलं म्हणजे संपलं. आणि तुम्ही ते फाटू देत नव्हता, यातच सगळी गंमत आहे, आणि वाईटही त्याचंच वाटतं. रविवारी सकाळी खुर्सीपारच्या घरात तुम्ही स्टोव्हवर आईच्या कढीच्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवायला बसायचे. वाळवी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. निळसर खळ बुडबुडायची आणि आई ओरडायची, "त्या गंजात मी कढी करतो, अन् तुमी जहर शिजवून राहिले." तुम्ही ढवळणं न थांबवता म्हणायचे, "कढी एका दिसाची राह्यते. पुस्तक धा वर्साचं." शेवटी तो गंज पुस्तकांचाच झाला. आम्ही भावंडं कापडाच्या पट्ट्या धरायचो आणि तुम्ही एकेक पान असं बसवायचे की डॉक्टर काय टाके घालेल. म्हणजे बघा, एका हाताने तुम्ही जुन्याची वाट बघत होता की ते संपावं, आणि दुसऱ्या हाताने त्याला मरू देत नव्हता. एकोणीस वर्षांत तुमच्या हे लक्षात आलं नाही? की आलं होतं?

आईला विचारलं. ती माझ्याकडे असते, रिसालीला. ऐकू कमी येतं, पण जीभ शाबूत आहे. म्हटलं, बाबा असं कावून करत होते? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्यात का इचारतं? आपल्याकडं नवा तांदूळ कोन खाते? तुह्या आजोबाच्या कोठीत नवं धान मुरत राह्यचं, अन् घरी मागच्या सालचा शिजे. नव्या तांदळाचा भात गिचका होते, पोट दुखते. जुना सरल्याबिगर नव्याले हात नाही लावत." मग तांदळातला एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "त्याइले वाटलं असन, मुरले म्हंजे चांगले होतीन." आजोबा भंडाऱ्याकडची धानाची शेती सोडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये आले, तुम्ही हथखोजला गेलात, मी शाळेत. पण कोठी तुमच्या डोक्यातून गेली नव्हती. मला हे कळायला आईने तांदूळ निवडायला बसावं लागलं. मी तिथेच बसून राहिले, बाबा, आणि मला तुमची फार आठवण आली.

त्या मागच्या पुस्तकांत एक ग्रहताऱ्यांचं आहे. मोठं, रंगीत चित्रांचं. नववीत मी तुम्हाला ते मागितलं होतं. नवी खेप आली, तुम्ही खोकं उघडत होता, आणि मला सगळ्यात वर ते दिसलं. तुम्ही म्हणालात, "जुनं हाय ना त्या इषयाचं. ते सरू दे. मंग हे निंगन." मी म्हटलं, "पुस्तक सरत नसते बाबा, ते का ऑइल हाय?" तुम्ही हसलात आणि ते मागे ठेवलं. मी जुनंच घेऊन पाठ केलं. त्याच महिन्यात आपल्या शाळेच्या हॉलमध्ये आंतरशालेय प्रश्नमंजूषा होती. गुरूला चंद्र किती? मी बारा म्हटलं, छातीठोकपणे. दुसऱ्या शाळेच्या मुलाने सोळा म्हटलं आणि ते जिंकले. आता तर ते नव्वदीच्या पुढे गेलेत आणि मुलांना मी सांगते की हा आकडा पाठ करू नका, बदलतो. पण तेव्हा मी चौदा वर्षांची होते. हॉलमधून थेट लायब्ररीत आले, मागच्या रांगेतून ते पुस्तक ओढलं, पान उघडलं. सोळा. तिथे चार-पाच मुलं होती, रसायनशास्त्राच्या मॅडम होत्या. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "तुमी लायब्रेरियन नाही बाबा. स्टोअरकीपरचे स्टोअरकीपरच रायले." तुम्ही चष्मा नाकावर खाली घेतला. "तोच तं आहो मी," म्हणालात, आणि मॅडमच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला.

काल बैठक झाली. प्राचार्य, संस्थेचे दोघे, ती रायपूरची मुलगी आणि मी. टेबलावर मागच्या रांगेतल्या पुस्तकांची चळत. प्राचार्य वाईट माणूस नाहीत, पण त्यांना राग आला होता आणि तो खरा होता. म्हणाले, "इतनी नई किताबें, और बच्चे फटी हुई पढ़ते रहे. ये लापरवाही किसकी थी?" संस्थेतले एक म्हणाले, आता कशाला उकरून काढायचं, रद्दीत द्या, आणि उद्घाटनाला जुने-नवे फोटो शेजारी लावू, खाली लिहू, गोदाम से लर्निंग स्पेस तक. सगळे हसले. ती मुलगी हसली नाही, तिने माझ्याकडे पाहिलं. तिला काही कळलं होतं असं नाही, पण माझा चेहरा पडला असेल. आणि मी बोलले. "गोदाम नहीं था, सर. लायब्ररी थी. मेरे बाबा की थी."

मग मी थांबलेच नाही. फरशीवर बसून दिसणारा गुडघ्याएवढा खण सांगितला, लोणच्यांचं पुस्तक सांगितलं, पश्चिमेची खिडकी सांगितली. मग नियम सांगितला, खळ सांगितली, आईचा तांदूळ सांगितला. तुमची चूक झाकली नाही. चूक होती, मोठी होती, मुलांचं नुकसान झालं, हेही म्हणाले. पण ती आळशी माणसाची चूक नव्हती. आळशी माणसाने जुनी पुस्तकं फाटू दिली असती आणि नवी आपोआप पुढे आली असती. हे ऐकून प्राचार्य मान हलवत राहिले. ती मुलगी भराभर लिहून घेत होती. रॅक जातील, बाबा, ते गंजलेत. पण नव्या खोलीत लहान मुलांचं सगळं गुडघ्याएवढ्या उंचीला असेल, बाक खिडकीशीच राहील, आणि पुस्तकं सोबत मागणाऱ्यांच्या हिशोबाने लागतील. मागच्या रांगेतली पुस्तकं रद्दीत जाणार नाहीत. मी सुचवलं की ती एका कप्प्यात सगळ्यात पुढे ठेवू आणि मुलांना सांगू, यातलं आज काय चुकीचं ठरलंय ते शोधून काढा. त्या ग्रहताऱ्यांच्या पुस्तकात ग्रह नऊ आहेत, तिथूनच सुरुवात होईल. प्राचार्य म्हणाले, उद्घाटनाच्या दिवशी हे सगळं तुम्हीच बोला. संस्थेतल्या त्या गृहस्थांनी उठून मला नमस्कार केला. म्हणाले, बाप की गलती ऐसे खुलकर मानने के लिए बड़ा दिल चाहिए.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार नाही, म्हणून उरलेलं इथे लिहिते. प्रश्नमंजूषेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेआधी जेवायला बसले, तर ताटाशेजारी ते ग्रहताऱ्यांचं पुस्तक होतं. जुनं अजून सरलेलं नव्हतं, तरी तुम्ही ते काढून घरी आणलं होतं. म्हणालात, "घे. तुह्यापासून चालू करू. मंग बाकीचेबी पुढं काढतो." मी त्याला हात लावला नाही. म्हटलं, "ठेवा तुमच्या गोदामात." तुम्ही ते उचललंत, पिशवीत घातलंत. दुपारच्या सुट्टीत मी दारातून पाहिलं, तुम्ही पाचव्या रॅकपाशी उभे होता आणि ते परत मागे सारत होता. बाकीची तुम्ही कधीच काढली नाहीत.

म्हणजे मागे काय आहे हे मला नववीपासून ठाऊक होतं. तेरा वर्षं झाली मला या शाळेत. तेरा वर्षं मी मुलांना घेऊन त्या खोलीत जाते, पाचव्या रॅकसमोर उभी राहते, त्यांच्या हातात फाटकी पुस्तकं देते, आणि एकदाही मी हात मागे घातला नाही. घातला असता तर पहिलं तेच पुस्तक हाताला लागलं असतं. काल त्यांनी विचारलं, लापरवाही कुणाची, आणि मी तुमचं नाव सांगितलं, आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं.